ग्रीसच्या लहान बेटांवर स्वयंसेवक पशुवैद्य भटक्या मांजरांसाठी नेमकं काय करतात? पशुवैद्य नसलेल्या माणसाला तिथे काही काम असतं का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही पुण्यात आयटीत आहात, घरात मांजरं आहेत, आणि अशा एका बेटावरचा व्हिडिओ पाहिल्यापासून तिथे जायचं मनात आहे. तिथे मांजरांवर खरंच उपचार होतात की नुसतं खायला घालतात, असंही विचारलंय.

मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बीव्हीएससी केलं, मग इंग्लंडची नोंदणी परीक्षा दिली आणि आता इथेच कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात काम करते. सुट्टी जोडून तिलोसला एका पथकाबरोबर जात असते. ऱ्होड्स आणि कोस या दोन मोठ्या बेटांच्या मधलं हे छोटं बेट, वस्ती हजाराच्या आत. तिथे जे पाहिलं आणि केलं त्यावरून सांगते.

काम मुख्यतः एकच, निर्बीजीकरण. मांजर पकडायचं, शस्त्रक्रिया करायची, ओळखीसाठी कानाला खूण करायची आणि जिथून उचललं तिथेच नेऊन सोडायचं. जखम, डोळा, सडका दात, जंत, पिसवा हे सगळं त्याच भुलेत जमेल तेवढं उरकून घेतो, कारण ते मांजर पुन्हा हाताला लागेलच असं नाही.

एवढा भर निर्बीजीकरणावरच का? भाटी, म्हणजे मादी मांजर, पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येते, कधी चौथ्या महिन्यातच. गाभणकाळ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा. पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते, म्हणजे एका हंगामात दोन वेतं सहज, कधी तीन. आता याला बेटाच्या वर्षाची जोड द्या. एप्रिल-मेपासून ऑक्टोबरपर्यंत पर्यटक असतात, खानावळी चालू असतात, टेबलाखाली मासे आणि कोळंबीची डोकी पडत असतात. ऑक्टोबर संपला की खुर्च्या आत जातात, शटर खाली येतात, बोटींच्या फेऱ्या कमी होतात. उन्हाळ्याच्या सुबत्तेत जन्मलेली पिल्लं नेमकी तेव्हा उपाशी पडतात. भूक, थंडी आणि सर्दीचा विषाणू एकत्र आले की डोळे चिकटून बंद झालेली पिल्लं भिंतीच्या कडेला सापडतात. निळ्या दारापुढे बसलेल्या मांजरांची कॅलेंडरं तिथल्या प्रत्येक दुकानात मिळतात, पण जानेवारीत त्या दारापुढे काय असतं ते विकत घेणाऱ्याला दिसत नाही. मला तिथे पुन्हा जावंसं वाटतं ते या जानेवारीमुळे.

खायला घालण्याला मी कमी लेखत नाही. उलट आमचं सगळं काम खायला घालणाऱ्यांच्या जिवावर चालतं. बंदरामागच्या गल्लीत एक वयस्कर बाई राहतात, आम्ही त्यांना किरिया (ग्रीकमध्ये ‘बाई’) म्हणतो. त्यांना त्यांच्या गल्लीतलं एकेक मांजर माहीत आहे. कोण कोणाचं पिल्लू, कोण बाहेरून आलेलं, कुठला बोका महिनाभर दिसलेला नाही, हे सगळं त्यांना तोंडपाठ. पिंजरे लावायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही त्यांना ताटल्या भरू नका असं सांगतो, कारण पोट भरलेलं मांजर पिंजऱ्यात शिरत नाही आणि भुलेसाठीही पोट रिकामं लागतं. ती एक संध्याकाळ त्यांना फार जड जाते. मांजरं पायात घोटाळत राहतात म्हणून त्या दार लावून आत बसतात. पहाटे मात्र स्वतः बाहेर येतात, नेहमीसारखं ‘प्स प्स प्स’ करून बोलावतात, आणि जी मांजरं आमची सावली दिसली तरी पळतात ती त्यांच्या आवाजावर सार्डिनच्या वासामागे सरळ पिंजऱ्यात जातात. झडप पडली की पिंजऱ्यावर लगेच टॉवेल टाकायचा. अंधार झाला की धडपडणारं मांजर शांत होतं.

एकदा त्यांनी एका करड्या भाटीच्या पिंजऱ्यावर हात ठेवला आणि सोडेचनात. दुभाषा म्हणून आलेल्या मुलीने सांगितलं की हिची पिल्लं तीन आठवड्यांची आहेत, लाकडाच्या ढिगामागे ठेवली आहेत. अशा वेळी मांजर सोडून द्यायचं नाही, तिला रांगेत पहिलं घ्यायचं. पिल्लांना पाजणारी मांजर असेल तर पोटाखाली चीर न देता कुशीतून देतात, म्हणजे दुधाने भरलेल्या सडांना धक्का लागत नाही आणि पिल्लं प्यायला लागली तरी टाका त्यांच्या तोंडापासून लांब राहतो. अंडाशय आणि गर्भाशय काढल्यावरही दूध आटत नाही. ती शुद्धीवर आली, नीट चालू लागली, आणि दुपार व्हायच्या आत ढिगामागे होती. आम्ही ती तशीच सोडली असती तर पिल्लं दूध सोडायच्या आत ती पुन्हा गाभण राहण्याची दाट शक्यता होती.

आमचं ऑपरेशन थिएटर म्हणजे एक रिकामी खोली, दोन टेबलं, कपाळाला बांधायचे दिवे आणि किटल्या. किटल्या चहासाठी नाहीत. भुलेत मांजराच्या अंगातली ऊब झपाट्याने जाते, आणि तीन किलोच्या जिवाला ते घातक ठरू शकतं. म्हणून गरम पाण्याच्या पिशव्या टॉवेलात गुंडाळून सतत फिरत्या ठेवायच्या. रानटी मांजराला हातात धरून सुई देता येत नाही. पिंजऱ्याची एक बाजू सरकवून त्याला हलकेच कडेला दाबायचं आणि जाळीतूनच मांडीच्या स्नायूत इंजेक्शन द्यायचं. मेडेटोमिडीन आणि केटामिन ही भुलेची औषधं आणि वेदनेसाठी ब्युटॉर्फनॉलसारखं एखादं औषध, वजनानुसार, एकाच सिरिंजमध्ये. काही मिनिटांत मान खाली जाते. केटामिनमध्ये डोळे उघडेच राहतात आणि कोरडे पडतात, म्हणून आधी डोळ्यांत जेल. मग पोटावरचे केस काढणे, धुणे, शस्त्रक्रिया. सराव असेल तर बोक्याला पाचेक मिनिटं पुरतात, भाटीला पाव तास. चीर दोन सेंटिमीटरच्या आसपास, टाके विरघळणारे आणि कातडीच्या आत, कारण टाके काढायला ती परत येणार नसते. शेवटी कानाचं टोक कापतात किंवा कडेला खाच देतात. पाहणाऱ्याला हे क्रूर वाटतं, पण ती खूण लांबून दिसली नाही तर पुढच्या वर्षी कोणीतरी तिचं पोट पुन्हा उघडेल.

बेटावरच्या पांढऱ्या मांजरांकडे मुद्दाम बघा. तिथलं ऊन वर्षातले बरेच महिने प्रखर असतं, आणि पांढऱ्या कानाच्या कडेला त्यापासून बचाव करणारं रंगद्रव्य नसतं, केसही विरळ. आधी कड गुलाबी होते, मग खपली धरते, खपली निघून पुन्हा धरते, कान हळूहळू आत वळत जातो. लोकांना वाटतं मारामारीत फाटला. बहुतेक वेळा तो त्वचेचा कर्करोग असतो, नाकावरही येतो. कानापुरता असताना सापडला तर बाहेरचा कान पूर्ण काढून टाकतात, आणि पुष्कळ मांजरं त्यानंतर वर्षानुवर्षं व्यवस्थित जगतात. उशीर झाला तर चेहरा आतपर्यंत पोखरत जातो आणि मग वेदनेतून सोडवणं एवढंच हातात उरतं. नुसतं पर्यटक म्हणून गेलात तरी अशी खपली दिसल्यावर फोटो काढून तिथल्या प्राणिमित्रांपर्यंत पोचवा. याने खरोखर जीव वाचतो.

अवघड प्रश्नही तुमच्यापुढे ठेवते, कारण तिथे गेल्यावर तो येणारच. टेबलावर गाभण मांजर आली तर काय? बहुतेक पथकं शस्त्रक्रिया करतात, मीही करते. दिवस अगदी भरत आले असतील तर ज्याची त्याची भूमिका वेगळी. मला ते कधीच सोपं गेलेलं नाही. म्हणूनच जायची वेळ महत्त्वाची. मांजरांचा माज दिवसाच्या लांबीवर चालतो. शरद ऋतूच्या शेवटी तो जवळजवळ थांबलेला असतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत दिवस वाढू लागले की सुरू होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत काम केलं तर गाभण मांजरी कमी येतात आणि वसंतातलं पहिलं वेतच टळतं. स्वयंसेवक मात्र जून ते सप्टेंबरमध्ये मिळतात, समुद्र निळा असतो तेव्हा.

दुसरी गोष्ट आकड्यांची. एका वसाहतीतली साधारण सत्तर टक्क्यांहून जास्त मांजरं निर्बीज झाली, आणि तीही थोड्या काळात, तरच संख्या उतरणीला लागते. पाच गावांतून थोडी थोडी मांजरं उचलली तर उरलेल्या भाट्या ती तूट वर्षभरात भरून काढतात. म्हणून आम्ही बंदर घेतलं की बंदर पुरतं संपवतो. शेवटची दोन-तीन हुशार मांजरं पकडायला जितका वेळ जातो तितक्यात दुसरीकडची दहा झाली असती, हे खरं. तरी त्या दोन-तीन भाट्या सोडायच्या नाहीत, असं माझं ठाम मत आहे. पिल्लांना विमानाने इंग्लंड-जर्मनीत घरं मिळतात तेही चांगलंच, त्या त्या पिल्लाचं आयुष्य बदलतं. पण बेटावरची संख्या त्याने कमी होत नाही, आणि माणसाच्या स्पर्शाला घाबरणाऱ्या प्रौढ मांजराला चार भिंतींत कोंडणं हे त्याच्यावर उपकार नाहीत.

कायद्याचंही बघा. ग्रीसच्या २०२१ च्या ४८३० क्रमांकाच्या कायद्याने भटक्या प्राण्यांची जबाबदारी नगरपालिकेवर टाकली आहे. पकडणं, निर्बीजीकरण, मायक्रोचिप, नोंद, सगळं. विष घालून किंवा छळ करून प्राणी मारणं हा २०२० पासून दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल असा गुन्हा आहे. पण लहान बेटांवर बहुधा पशुवैद्यच राहत नाही, तो मोठ्या बेटावरून अधूनमधून येतो. ही पोकळी स्वयंसेवक भरतात. मात्र परदेशी पशुवैद्याला ग्रीसमध्ये परवानगीशिवाय सुरी हातात घेता येत नाही, आणि भारतीय पदवी युरोपात आपोआप मान्य होत नाही. केटामिन हे नियंत्रित औषध आहे, ते बॅगेत घालून नेण्याचा प्रश्नच येत नाही. चांगल्या पथकात नोंदणीकृत ग्रीक पशुवैद्य असतो आणि औषधं व जबाबदारी त्याच्या नावावर असते. ‘पाहुणे येतात, फुकट ऑपरेशन करून जातात आणि नंतरची गुंतागुंत आमच्या गळ्यात पडते’ अशी तिथल्या काही पशुवैद्यांची तक्रार असते. ती मला पटते.

आता तुमच्याबद्दल. पशुवैद्य नसलेल्या माणसांवाचून आमचं एक दिवसही चालत नाही. पहाटे पिंजरे लावणं, कुठलं मांजर कुठल्या गल्लीतलं हे चिठ्ठीवर अचूक लिहिणं (चुकीच्या गल्लीत सोडलेलं मांजर भरकटतं), उपकरणं धुऊन निर्जंतुक करायला देणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, भुलेतून उठणाऱ्या मांजरांजवळ बसणं. जिभेचा रंग गुलाबी आहे ना, श्वास मोजा, पिशवी गार झाली का बघा, कुशी बदला. हे करणारा माणूस चौकस असेल तर मला टेबलावर निर्धास्त काम करता येतं. मांजरांवर प्रेम आहे एवढ्यावर भागत नाही, रक्त, लघवीचा वास आणि सलग उभं राहणं सोसलं पाहिजे. ते सोसतं का हे पुण्यातच एखाद्या निर्बीजीकरण केंद्रावर काही रविवार मदत करून कळेल. तिथेच सुरुवात करा असं मी आग्रहाने सांगेन.

रेबीजची भीती आपल्याकडच्या माणसाला आधी वाटते. १९८७ नंतर ग्रीसमध्ये तो २०१२ मध्ये पुन्हा आढळला, तोही उत्तरेच्या मुख्य भूमीवर. तरी प्रतिबंधक लस घेऊनच जा, धनुर्वाताचीही. खरा धोका मांजराच्या चाव्याचा. दात सुईसारखे खोल जातात, वरून भोक मिटतं आणि आत पास्चरेला जंतू वाढतो. काही तासांत हात सुजू शकतो. चावलं की लगेच भरपूर धुवायचं आणि डॉक्टरकडे जायचं, ‘एवढंसं तर आहे’ म्हणून थांबायचं नाही. व्हिसाचं निमंत्रणपत्र संस्थेकडून घ्या. परतीच्या विमानाआधी दोन दिवस हातात ठेवा, कारण वारा बोफर्ट या वाऱ्याच्या मापनश्रेणीत आठवर गेला की बोटी बंद होतात, आणि हिवाळ्यात हे वरचेवर होतं.

तुमच्याकडे ऑगस्टमधला एकच आठवडा असेल तर स्पष्ट सांगते, विमानभाड्याचे पैसे तिथल्या पथकाला पाठवा, त्यात कितीतरी भाट्यांची शस्त्रक्रिया होईल. हिवाळ्यात तीन-चार आठवडे काढू शकत असाल तर जरूर जा. तारखा ठरवण्याआधी संस्थेला एक प्रश्न मात्र विचारा: पथक निघून गेल्यावर पाचव्या दिवशी एखाद्या मांजरीची जखम उसवली तर तिला कोण बघणार? ज्यांच्याकडे याला नाव आणि फोन नंबर तयार असेल, त्यांच्याबरोबर जा.