लघवीतल्या पीजीई-एमवरून आतड्याचा कर्करोग कळेल का?

तुमचं वय ४१, वडिलांना ५२व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला आणि तुम्ही विचारताय की कोलोनोस्कोपीऐवजी (दुर्बिणीने मोठं आतडं आतून तपासण्याऐवजी) लघवीतलं पीजीई-एम, म्हणजे प्रोस्टाग्लँडिन या दाहाशी संबंधित द्रव्याचा अवशेष, मोजून भागेल का. नाही भागणार. पण यामागचं विज्ञान पोकळ नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आतड्यातल्या पॉलिपमध्ये (आतल्या अस्तरावरच्या छोट्या वाढीत, जिचा पुढे कर्करोग होऊ शकतो) आणि गाठीत कॉक्स-२ हे एन्झाइम बऱ्याचदा वाढलेलं असतं, त्यामुळे प्रोस्टाग्लँडिन ई२ जास्त तयार होतं. ते मोडणारं १५-पीजीडीएच हे एन्झाइम मात्र तिथे कमी पडतं. हे ई२ थेट रक्तात मोजावं तर हाती फारसं काही लागत नाही. रक्त फुफ्फुसातून एकदा फिरलं की त्यातलं बहुतेक निकामी होतं, शिवाय रक्त काढताना आणि नंतर नळीतही पेशी ते नव्याने बनवतात. लघवीतलं ई२ मुख्यतः मूत्रपिंडातलंच असतं, आणि पुरुषाच्या नमुन्यात वीर्याचा अंश आला तर आकडा भलताच फुगतो. म्हणून मोजतात ते त्याचं चयापचयानंतरचं रूप, पीजीई-एम. ते मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणू वजनावरून ओळखणाऱ्या तंत्राने) मोजायचं आणि क्रिएटिनिन या लघवीतून रोज साधारण सारखंच जाणाऱ्या द्रव्याच्या प्रमाणात मांडायचं, म्हणजे कोण किती पाणी प्यायलं याने फरक पडत नाही.

शांघायमधल्या महिलांच्या एका मोठ्या अभ्यासात, आजार नसताना घेतलेली लघवी साठवून ठेवली होती. पुढे ज्यांना आतड्याचा कर्करोग झाला, त्यांचं पीजीई-एम आधीपासूनच जास्त होतं, असं २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. मला हा निष्कर्ष आजही मोलाचा वाटतो.

पण तो गटाचा हिशोब आहे. सिगारेट ओढणाऱ्यांचं, वजन जास्त असलेल्यांचं पीजीई-एम कर्करोग नसतानाही वाढलेलं असतं, पुरुषांचं बायकांपेक्षा जास्त असतं. उलटी बाजू जास्त धोक्याची आहे. गुडघेदुखीसाठी रोज ब्रुफेन हे कॉक्सला रोखणारं वेदनाशामक घेणाऱ्याचा आकडा खाली येतो आणि पॉलिप जागच्या जागी असतो. अशा माणसाला ‘नॉर्मल’ रिपोर्ट देणं म्हणजे त्याला गाफील ठेवणं. त्यामुळे ही चाचणी सध्या संशोधनातच शोभते, उदाहरणार्थ हा कर्करोग टाळायला अॅस्पिरिनसारख्या औषधाचा कुणाला फायदा होईल हे शोधायला. हे वाचून स्वतःच्या मनाने अॅस्पिरिन मात्र सुरू करू नका, पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

तुमच्यासाठी नियम सरळ आहे. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला साठीच्या आत हा आजार झाला असेल, तर वयाच्या ४०व्या वर्षी किंवा त्यांच्या निदानाच्या वयाआधी १० वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करायची. तुमची वेळ होऊन गेलीय, या महिन्यातच गॅस्ट्रोच्या डॉक्टरांची वेळ घ्या. पॉलिप दिसला तर बहुतेकदा तिथल्या तिथे काढतात, हे लघवीच्या कुठल्याच तपासणीला जमणारं नाही.

जाताना वडिलांचा बायोप्सी रिपोर्ट शोधून सोबत न्या. गाठीची एमएमआर तपासणी (डीएनएमधल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं शाबूत आहेत का ते पाहणारी) झाली होती का, हे डॉक्टरांना नक्की विचारा. त्यातून पुढे लिंच सिंड्रोम, म्हणजे अशा कर्करोगाचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष, निघाला, तर तुमच्या आणि भावंडांच्या तपासण्यांचं वेळापत्रकच बदलेल.