फुकट विजेचं मशीन तासाभरात बंद पडतं, पैसे परत मिळतील का?

ऐरोलीच्या एका काकांचं पत्र आलंय. रिटायरमेंटच्या पैशातून त्यांनी मुलाच्या पिठाच्या गिरणीसाठी रबाळ्याच्या एका गाळ्यातून ३ लाख ४० हजारांचा चुंबकीय जनरेटर घेतला. कोटेशनवर चक्क छापलंय की डिझेल नको, वीजबिल नको, बॅटरीवर एकदा स्टार्ट केलं की चुंबकाच्या जोरावर ५ किलोवॉट कायम. प्रत्यक्षात ५ एचपीची मोटर तासभर चालते आणि मशीन ट्रिप होतं, रात्रभर ठेवलं की सकाळी परत तासभर. विक्रेता म्हणतो रात्री मॅग्नेट रिकव्हर होतात, आणि आता अपग्रेडचे ८० हजार मागतोय. भांडण झालं तेव्हा त्याने परतफेड म्हणून १ लाखाचा चेक दिला, तो बाउन्स होऊन ९ दिवस झालेत. काकांच्या शब्दावर मेव्हण्यानेही दीड लाख बुकिंग भरलं, त्यावर काकांना १५ हजार कमिशन मिळालं, आणि आता मेव्हणा म्हणतो केस तुमच्यावरच करतो. मशीन येऊन १४ महिने झालेत.

नमस्कार काका,

आधी चेकचं बघा, कारण त्याची मुदत पळतेय. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत विक्रेत्याला लेखी नोटीस गेली पाहिजे, नाहीतर चेक बाउन्सची, म्हणजे कलम १३८ ची केस हातातून जाते. नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, त्यात पैसे नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. केस तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या हद्दीत चालते, म्हणजे तुम्हाला लांब पळायचं नाही. नोटिशीत चेक कशापोटी दिला ते स्पष्ट लिहा, मशीनच्या रकमेचा अंशतः परतावा म्हणून. चेकबद्दल त्याने पाठवलेला व्हॉट्सअॅप मेसेज डिलीट करू नका, आणि तो फोन विकू किंवा फॉरमॅट पण करू नका.

दुसरं म्हणजे मशीन गिरणीतून हलू द्यायचं नाही. तो दुरुस्तीसाठी वर्कशॉपला नेतो म्हणतोय ना, नेलं की तुमचा सगळ्यात मोठा पुरावा गेला. मशीनचं सील तुम्हीही तोडू नका. आणि ८० हजार तर अजिबात देऊ नका, कारण ते दिले की उद्या तो म्हणणार की गिऱ्हाईकाला मशीन पटलं होतं, फक्त थोडं सुधारून हवं होतं.

आता मुद्द्याचं. तुम्ही पत्रात सगळीकडे मशीन खराब निघालं असं लिहिलंय, आणि मला नेमकी तीच भीती वाटतेय. खराब निघालं म्हटलं की भांडण वॉरंटीचं होतं, मग तो टेक्निशियन पाठवणार, पार्ट बदलणार, तारखांवर तारखा. तुमचं म्हणणं असं पाहिजे की जे विकलं ते मुळात होऊच शकत नाही. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात कलम ५६ आहे, अशक्य गोष्ट करून देण्याचा करार रद्दबातल. कायद्यानेच त्याला उदाहरण दिलंय, जादूने गुप्तधन शोधून देण्याच्या कराराचं. त्याच कलमात पुढे आहे ते तुमच्या जास्त कामाचं: गोष्ट अशक्य आहे हे वचन देणाऱ्याला माहीत होतं किंवा नीट चौकशी केली असती तर कळलं असतं, आणि समोरच्याला माहीत नव्हतं, तर वचन देणाऱ्याने नुकसानभरपाई द्यायची. तुम्ही आयुष्यभर अकाउंट्समध्ये काम केलंत, तो स्वतःला जनरेटर बनवणारा म्हणवतो, मग चौकशी कोणी करायला हवी होती हे कोर्टाला वेगळं सांगावं लागत नाही. शिवाय कलम ६५ प्रमाणे रद्द करारात घेतलेला फायदा परत करावा लागतो.

अशक्य का, तर ऊर्जा नवीन तयार होत नाही, एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते, आणि जाताना थोडी उष्णतेत वाया जातेच. चुंबक ढकलतो आणि ओढतोही, पण पूर्ण फेरी झाली की हिशोब शून्यावर येतो, वरून घर्षण. मी इंजिनिअर नाही, पण तुम्ही पाठवलेल्या फोटोत खालच्या जाळीतून चार बॅटऱ्या दिसतात, लेबल १२ व्होल्ट १५० एएच (अँपिअर-अवर). एका बॅटरीत कागदावर १.८ युनिट, चारांत ७.२. ५ एचपीची मोटर तासाला पावणेचार युनिटच्या आसपास खाते, इन्व्हर्टरचा लॉस वेगळा, आणि अशा बॅटऱ्या एवढ्या जोरात उपसल्या की लेबलावरची पूर्ण कपॅसिटी देत नाहीत. म्हणजे तासभर! तुमचं मशीन बरोबर तेवढंच चालतंय. गाळ्यातल्या डेमोत त्याने दहा १०० वॉटचे बल्ब अर्धा तास पेटवले होते, ते अर्धा युनिट झालं, त्याने काय सिद्ध होतं. आणि ती थ्री-पिन वायर, जी त्याने कूलिंग फॅनसाठी म्हणून रात्रभर भिंतीच्या सॉकेटला लावून ठेवायला सांगितलीय, तुमच्या बिलातले युनिट वाढलेत ते तिच्यामुळे असावेत असा माझा दाट संशय आहे. पण संशय कोर्टात चालत नाही, मोजमाप चालतं.

म्हणून हे करा. लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरला बोलवून त्या वायरवर एक सबमीटर (वेगळा छोटा वीजमीटर) आणि मशीनच्या आउटपुटवर एक सबमीटर लावून घ्या, तीन-चार रात्री आणि दिवस रीडिंग, प्रत्येक रीडिंगचा व्हिडिओ, शेवटी त्याचा सही-शिक्क्याचा रिपोर्ट. व्हिडिओ पुराव्यात द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, ते तुमचा वकील करून देईल. आत किती गेलं आणि बाहेर किती आलं, या एका प्रश्नावर असली मशीन्स जगभर पडलीत. अमेरिकेत जोसेफ न्यूमन अशाच जास्त वीज देणाऱ्या मशीनच्या पेटंटसाठी सरकारशी कोर्टात भांडला, १९८६ मध्ये तिथल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या मोजमापाच्या सरकारी संस्थेने त्याचं मशीन मोजलं, तर दर वेळी आत गेलेली वीज बाहेर आलेल्या विजेपेक्षा जास्त. ओहायोत स्टॅनली मेयर पाण्यावर गाडी चालवतो म्हणायचा, १९९६ मध्ये कोर्टाच्या तज्ज्ञांनी त्या गाडीचा सेल तपासला तर साधं इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे विजेने पाण्याचं विघटन, निघालं आणि दोन गुंतवणूकदारांचे २५ हजार डॉलर परत करायला लागले. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने तर १७७५ सालीच ठरवलं की आपोआप कायम चालणाऱ्या यंत्रांचे प्रस्ताव तपासायलाच घ्यायचे नाहीत.

विक्रेत्याने ब्रोशरमध्ये भास्कराचार्यांचं नाव घातलंय त्याचा मला खरंच राग आला. सिद्धान्तशिरोमणीत, ११५० च्या आसपास, पारा अर्धवट भरलेल्या पोकळ आऱ्यांच्या चाकाचं वर्णन आहे हे खरं, पण वर्णन असणं म्हणजे चाक कायम फिरणं नाही. एवढ्या मोठ्या गणितज्ञाचं नाव ३ लाखांच्या पेटीवर चिकटवणं ही आपल्या लोकांच्या श्रद्धेची लूट आहे.

तसंच तो सांगतो ते गव्हर्नमेंट पेटंट. त्याने दिलेला १२ अंकी नंबर अर्जाचा आहे, मंजूर पेटंटचा नाही. अर्ज कोणीही करू शकतो आणि साधारण १८ महिन्यांनी तो आपोआप प्रसिद्ध होतो, त्याला मंजुरी म्हणत नाहीत. उलट पेटंट कायद्याच्या कलम ३(अ) मध्ये निसर्गनियमांच्या उघड विरोधात जाणाऱ्या दाव्याला पेटंटच नाही. पेटंट ऑफिसच्या साइटवर नंबर टाका, स्टेटसचा प्रिंट काढा. पेटंट मिळालं नसताना मिळालं म्हणून वस्तू विकली तर कलम १२० खाली वेगळा दंड आहे. जीएसटी नंबर, उद्यम नोंदणी, आयएसओ सर्टिफिकेट, यातलं काहीही मशीन चालतं याचा दाखला नाही.

दाद मागायची मुख्य जागा माझ्या मते ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक कायद्याने तुम्ही राहता तिथे, म्हणजे आपल्या ठाणे जिल्ह्यातच तक्रार करता येते, त्याने बिलावर कोणत्याही गावच्या कोर्टाचं नाव छापलेलं असो. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षं, १४ महिने गेलेत, त्याच्या 'पुढच्या महिन्यात बघू'वर बसू नका. तो म्हणणार गिरणी म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहकच नाही. त्याला उत्तर कायद्यातच आहे: स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरत नाहीत. मुलगा स्वतः गिरणीवर बसतो हे ठळक लिहा, बिल तुमच्या नावाचं असलं तरी वापर मुलाचा आहे म्हणून त्यालाही तक्रारदार करा. आणि मशीन प्रयोगशाळेत तपासायला पाठवा असा अर्ज पहिल्याच दिवशी द्या, आयोगाला तो अधिकार आहे, तपासणीचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागेल. मला विचाराल तर विक्रेता सगळ्यात जास्त यालाच घाबरेल.

पोलिसांत जायचं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), सात वर्षांपर्यंत शिक्षा. पण तिथे सुरुवातीपासून फसवायचा हेतू दाखवावा लागतो, आणि अशा काही लोकांचा स्वतःच्या मशीनवर खरोखर विश्वास असतो, मग पोलीस म्हणतात हे सिव्हिल मॅटर आहे. फॅनच्या नावाखाली चार्जिंगची वायर निघाली तर हेतूबद्दल फारसं बोलावं लागणार नाही. म्हणून आधी सबमीटरचा रिपोर्ट, मग रबाळे पोलीस ठाणे. ग्राहक आयोगाला मात्र फसवायचा हेतू सिद्ध व्हायची गरज नाही, जाहिरात दिशाभूल करणारी होती एवढं पुरतं. आणि तोपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर त्याला चोर वगैरे लिहिणं बंद करा, तो बदनामीची नोटीस पाठवून तुम्हालाच गुंतवेल.

राहिला मेव्हणा. तुम्ही त्याला फसवलं नाहीत, तुम्ही स्वतः फसलात, आणि हेतू नसेल तर फसवणुकीचा गुन्हा होत नाही. पण ते १५ हजार कागदावर वाईट दिसतात. ते आजच मेव्हण्याच्या खात्यात ट्रान्सफर करा, कॅश नको, आणि तुमच्या तक्रारीतही स्वतःहून लिहा की कमिशन मिळालं होतं, ते या तारखेला परत केलं. हे विक्रेत्याच्या वकिलाने उलटतपासणीत बाहेर काढलं तर तुमचं बाकीचं खरंही खोटं वाटायला लागेल. मग मेव्हण्याच्या घरी जाऊन, ताई समोर असताना, सबमीटरचे आकडे दाखवा आणि सांगा की दोघांचा आरोपी एकच आहे. त्याचं मशीन आलेलंच नाही, त्यामुळे त्याची तक्रार तुमच्यापेक्षा सोपी आहे. समान हिताच्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, वेगळी करायची असेल तरी हरकत नाही, फक्त त्याच्या नोटिशीत मध्यस्थ म्हणून तुमचं नाव जाण्याआधी ही भेट व्हायला हवी. चेकची नोटीस याच आठवड्यात पाठवा, स्पीड पोस्टाने, पावती जपून ठेवा.