बास्केटबॉलमध्ये स्कोअरर आणि टाइमकीपर यांची नेमकी कामं काय असतात?

स्कोअरर गुणपत्रकावर बास्केट, फाउल आणि टाइमआउट नोंदवतो. फीबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनुसार खेळाडूचा 5वा फाउल झाला की पंचांना लगेच कळवणं त्याचंच काम. पझेशनचा बाण, म्हणजे जंप बॉलच्या वेळी चेंडू कोणत्या टीमला मिळणार हे दाखवणारा बाणही तोच फिरवतो.

टाइमकीपरचं काम सोपं वाटतं, पण खरी कसोटी तिथेच. थ्रो-इनमध्ये (रेषेबाहेरून चेंडू आत टाकताना) चेंडू हातातून सुटल्यावर नाही, तर मैदानातल्या खेळाडूला लागल्यावर घड्याळ सुरू करायचं. शिट्टी वाजली की थांबवायचं. चौथ्या क्वार्टरच्या आणि जादा वेळेच्या शेवटच्या 2 मिनिटांत बास्केट झाल्यावरही थांबवायचं. नवखे इथे हमखास चुकतात. टाइमआउटची 50 सेकंदं झाली की भोंगा.

24 सेकंदांच्या शॉट क्लॉकला (टीमने किती वेळात शॉट मारायचा ते मोजणाऱ्या घड्याळाला) वेगळा माणूस असतो. आणि हो, अधिकाऱ्यांच्या टेबलाशी बसून आपल्या टीमसाठी ओरडायचं नाही!