पिथमपूरला पार्क होतोय, म्हणून मुलीनं लॉजिस्टिक्स घ्यायचं?

प्रश्न : आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. मी पिथमपूरच्या एका कारखान्यात बरीच वर्षं डिस्पॅच बघतोय. आता तिथे मोठा मल्टिमोडल लॉजिस्टिक्स पार्क, म्हणजे रेल्वे आणि रस्ता दोन्हींनी माल हलवायचं-साठवायचं केंद्र होतोय, मनमाडची रेल्वेलाइनही मंजूर झाली आहे. मुलीला बारावीला गणित घेऊन 84 टक्के पडले. तिला संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायचं आहे. मी तिला लॉजिस्टिक्सच्या खासगी बी.बी.ए.ला घालतोय. तीन वर्षांची फी 4 लाख 20 हजार, पण प्लेसमेंटची हमी आहे. 25 हजार भरूनही टाकलेत. ती दोन दिवस रडली, आता गप्प आहे. ऐकेल. या लाइनीत मुलींना वाव किती? – एक पालक

सप्रेम नमस्कार.

वावाचं नंतर बघू. मुलगी दोन दिवस रडली आणि आता गप्प आहे, हे तुम्ही फीच्या आकड्यानंतर एका ओळीत उरकलंत. मी मात्र तिथेच अडकले. अठरा वर्षांची, गणितात चांगली, आपल्याला काय शिकायचंय हे विषयाच्या नावासकट सांगणारी मुलगी घरात आहे. अशी स्पष्टता माझ्याकडे येणाऱ्या फार थोड्या मुलांकडे असते. तिची समजूत पटली म्हणून ती गप्प झालेली नाही. बोलून उपयोग नाही हे तिला कळलं, म्हणून गप्प झाली. अशी मुलं कॉलेजात जातात, हजेरी लावतात, पासही होतात, पण पुढे कुठलीच अडचण घरी सांगत नाहीत. मला याची काळजी 84 टक्क्यांपेक्षा जास्त वाटते. संख्याशास्त्रच का, असं तुम्ही तिला एकदा तरी विचारलंत का? पत्रात तरी त्याचा मागमूस नाही.

आता पार्कबद्दल. सागोरजवळचा सुमारे 255 एकरांचा हा पार्क खरा आहे आणि गरजेचाही आहे. पण तो ज्या इंदूर-दाहोद लाइनीला जोडायचा आहे, तिची कोनशिला 2008 साली बसली. राऊ ते टिही एवढा तुकडा झाला, टिहीहून कंटेनर जाऊ लागले. पण 2025 उजाडलं तरी दाहोदपर्यंत गाडी पोचलेली नव्हती. कोनशिला बसली त्या वर्षी इंदुरात जन्मलेली मुलं आज तुमच्या मुलीच्याच वयाची आहेत. मनमाडची 309 किलोमीटरची लाइन केंद्रीय मंत्रिमंडळानं सप्टेंबर 2024 मध्ये मंजूर केली, मुदत 2028-29 ची ठेवली. ती वेळेत व्हावी असं मलाही मनापासून वाटतं, आपल्या सगळ्यांचे नातेवाईक त्या बाजूला आहेत. पण जमीन ताब्यात घेणं, बोगदे, पूल यांच्या तारखांवर पोरीची तीन वर्षं आणि घरातले जवळपास सव्वाचार लाख लावायचे नसतात.

आणि एक गैरसमज मला दर महिन्याला ऐकू येतो : असं मालवाहतुकीचं हब झालं की दारात हजारो नोकऱ्या. तुम्ही डिस्पॅचमधले, तुम्हाला तर हे आधी लक्षात यायला हवं होतं. हब कशासाठी बांधतात? मालाला कमी हात लागावेत, तो कमी वेळा चढवावा-उतरवावा लागावा, म्हणून. 45 वॅगनच्या एका गाडीवर वीस फुटी 90 कंटेनर जातात. तेवढा माल रस्त्यानं न्यायचा तर निदान 45 ट्रेलर आणि तितकेच ड्रायव्हर लागतात. यार्डात भरलेला कंटेनर उचलायला रीच स्टॅकरवर, म्हणजे कंटेनर उचलणाऱ्या यंत्रावर, एक माणूस पुरतो. नोकऱ्या वाढतात, नाही असं नाही, पण त्या बऱ्याचशा पार्कच्या कुंपणाबाहेर वाढतात : कारखान्यांच्या डिस्पॅचमध्ये, ट्रान्सपोर्टरच्या ऑफिसात, कस्टम ब्रोकरकडे, कोल्ड स्टोरेजमध्ये. तुमच्याकडे मालासोबत पाठवायचं ई-वे बिल कोण काढतं? साधा बी.कॉम. झालेला मुलगा असेल आणि ते काम तो तिथेच शिकला असेल. त्यासाठी कुणी चार लाख मोजलेले नसणार.

ती 'हमी' कागदावर मागा. कोणती कंपनी, कुठलं पद, हातात किती पगार, आणि मागच्या बॅचमधल्या मुली आज कुठे आहेत. पदवी कोणत्या विद्यापीठाची हेही विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर 25 हजार परत मिळावेत म्हणून लगेच लेखी अर्ज द्या. नाही मिळाले तरी पुढचा हप्ता भरू नका.

वाव मुलींना आहे, पण गणित येणाऱ्या मुलींना जास्त आहे. कुठल्या गोदामात किती साठा ठेवायचा, पुढच्या महिन्यात मागणी किती येईल, परतीचा ट्रक रिकामा येऊ नये म्हणून काय करायचं, हे सगळे संख्याशास्त्राचे प्रश्न आहेत. मात्र हे वाचून 'बघ, तुझ्या विषयातूनही शेवटी तिथेच जाता येतं' असं तिला ऐकवू नका. ती विम्यात जाईल, संशोधनात जाईल, शिक्षिका होईल. तो तिचा प्रश्न आहे. पदवीनंतर तिला स्वतःहून मालवाहतुकीत यावंसं वाटलंच, तर एम.बी.ए. आहे आणि बडोद्याचं गतिशक्ती विश्वविद्यालयही आहे, 2022 पासून ते केंद्रीय विद्यापीठ आहे. आज त्याची चर्चा नको.

बी.एस्सी.च्या प्रवेशाच्या तारखा निघून जायच्या आत तिचा फॉर्म भरा, आणि तो तिला स्वतःला भरू द्या. माझ्याशी बोलायचं असेल तर पुढचं पत्र तिनं लिहावं. ते पाठवण्याआधी तुम्ही वाचू नका.