समुद्रकिनाऱ्यावरच्या झावळ्यांच्या झोपडीत, एसीशिवाय, नवरा-बायकोला चार दिवस राहणं जमतं का?

तुम्ही लिहिलंय की लग्नानंतर पहिल्यांदाच दोघं समुद्रावर निघालाय, फोटोंतली झोपडी तुम्हाला फार आवडली आहे, पण एसी नाही, वीज सौर पॅनेलवरची, आणि बायकोला झोप लागेल का याची धास्ती वाटते. मी तुमच्या बायकोच्या जागेवरून उत्तर देते. अशाच एका झोपडीत पहिल्या रात्री मला रडू आलं होतं आणि चौथ्या दिवशी तिथून पाय निघत नव्हता.

जमतं. पण तुमच्या वाट्याला कुठली झोपडी येते यावर बरंच अवलंबून आहे.

आमची झोपडी फोटोत होती तशीच निघाली. झापांनी शाकारलेलं छप्पर, मच्छरदाणीचा पलंग आणि समुद्राकडे उघडणारा रुंद दरवाजा. दुपारभर समोरून इतका वारा येत होता की कठड्यावर वाळत घातलेला टॉवेल दोनदा उडून वाळूत पडला. पंख्याची गरजच काय, असं आम्ही म्हणालो. अंधार पडल्यावर वारा मंदावला आणि नऊच्या सुमारास अगदीच थांबला. मध्यरात्रीनंतर बॅटरी संपली, पंखाही थांबला. मच्छरदाणीच्या आत हवा हलेना, उशी मानेखाली ओली झाली. मी म्हटलं, "अरे, सकाळी इथून निघू या." नवरा काहीच बोलला नाही. महिनाभर खपून त्याने ती जागा शोधली होती. त्याचं ते गप्प राहणं मला उकाड्यापेक्षा जास्त लागलं.

सकाळी झोपड्यांची देखभाल करणारे काका आले. त्यांना सांगितल्यावर त्यांना जराही नवल वाटलं नाही. "रात्री वारा मागून येतो, ताई. तुमच्या मागच्या भिंतीला खिडकीच नाही."

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, ते तिथे अंगावर कळले. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, म्हणून वारा समुद्राकडून येतो. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटतो, जमिनीकडून समुद्राकडे जातो. तापमानातला फरक रात्री कमी असतो, म्हणून हा मतलई वारा दिवसाच्या वाऱ्यापेक्षा हलका. एक थांबून दुसरा सुरू होईपर्यंत मध्ये काही वेळ सगळं स्तब्ध होतं. आमच्या झोपडीच्या मागच्या बाजूला न्हाणीघराची सलग भिंत होती. रात्रीची ती थोडीशी झुळूक भिंतीवर आपटून बाजूने निघून जात होती.

काकांनी आम्हाला शेवटच्या झोपडीत हलवलं. तिथून समुद्र अर्धाच दिसायचा, मध्ये दोन माड होते. पण पलंगाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर खिडक्या होत्या आणि जमीन खांबांवर उचललेली होती, म्हणजे फळ्यांच्या फटींतूनही हवा यायची. पहाटे मी पायाशी पडलेली चादर ओढून घेतली. बाहेर तीच रात्र, तोच उकाडा, फरक फक्त एका खिडकीचा.

म्हणून बुकिंग करताना समुद्र किती दिसतो हे विचारलंत तरी चालेल, पण जमिनीकडच्या बाजूला खिडकी आहे का, हे विचाराच. बॅटरीवर पंखा रात्रभर चालतो की काही तासच, हेही स्पष्ट विचारून घ्या. उत्तर गोलमोल आलं तर दुसरी जागा बघा.

डासांबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय. मच्छरदाणी असली की काम झालं असं वाटतं, पण डेंग्यूचा डास चावतो तो दिवसा, विशेषतः सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधीच्या तास-दोन तासांत. तेव्हा तुम्ही बाहेर पायरीवर बसलेले असणार. क्रीम तेव्हाही लावा. उन्हाचं क्रीम आधी आणि डासांचं त्याच्यावर. मलेरियाचा डास रात्रीचा, त्याच्यासाठी मच्छरदाणी, आणि तिच्या कडा गादीखाली खोचलेल्या हव्यात. नुसत्या लोंबत्या ठेवल्या तर उपयोग नाही. किनाऱ्यावर डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या बारीक चावऱ्या माशाही असतात, त्या साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून आत येतात. पण त्यांना वाऱ्यात धड उडता येत नाही. इथेही पुन्हा खिडकीच कामाला येते!

अंधार मात्र झपकन पडतो, तयारीत राहा. उष्ण कटिबंधात सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, संधिप्रकाश रेंगाळत नाही. मावळल्यापासून साधारण अर्ध्या तासात पायाखालची वाट दिसेनाशी होते. दोघांना दोन टॉर्च घ्या, एक नव्हे. एक जण रात्री न्हाणीघराकडे गेला की दुसरा काळोखात बसतो, आणि पहिल्या रात्री छपरातून पाल चुकचुकली तरी दचकायला होतं. दुसऱ्या रात्री तिचीच सोबत वाटते.

पाण्यात उतरण्याबद्दल मला कळकळीने सांगायचंय, कारण अशा जागी बहुतेक वेळा जीवरक्षक नसतो. लाटा सगळीकडे फुटत असतात आणि मध्ये एक पट्टा शांत, गडद दिसतो. नवख्या माणसाला तोच सुरक्षित वाटतो. किनाऱ्यावर आलेलं पाणी बऱ्याचदा तिथूनच जोराने परत आत जात असतं. त्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे पोहायची धडपड करू नका, तिथेच माणूस दमतो. तरंगत राहा, हात करून मदत मागा, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर या. आम्ही काकांना विचारून, त्यांनी दाखवलेल्या जागीच, कमरेएवढ्या पाण्यात गेलो. एकटं कुणी गेलं नाही. झुला बांधतानाही वर बघा, नारळ लागलेल्या माडाखाली बांधू नका.

भरतीची वेळ पहिल्याच दिवशी माहीत करून घ्या. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरतींमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणून भरती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. काल ज्या खडकापर्यंत चालत गेलात, त्याच वेळी आज तिथे पाणी असेल असं नाही, पण चार दिवसांनी असू शकतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. आम्ही अमावस्येच्या दोन दिवस आधी गेलो होतो. समुद्राचा आवाज अगदी पायरीपर्यंत यायचा आणि चांदण्या इतक्या, की पहिल्यांदा बाहेर आल्यावर दोघं नुसते उभे राहिलो. निवड करता येत असेल तर मी अमावस्येच्या बाजूची तारीख सुचवेन.

आणि तुम्ही चार दिवस म्हणताय, ते कमी करू नका. पहिली रात्र सवयीतच जाते. दुसऱ्या दुपारी फोनची बॅटरी संपलेली, करण्यासारखं काही उरलेलं नाही, अशी एक वेळ येते. आम्ही पायरीवर बसलो होतो. समोर वाळूत एक फिकट खेकडा बीळ उकरत होता. एका बाजूच्या पायांत वाळू कवटाळून बाहेर यायचा, वीतभर चालायचा, वाळू भिरकावायचा, डोळे उभे करून आमच्याकडे बघायचा आणि परत आत. किती वेळ बघत होतो कोण जाणे. त्यातच नवरा म्हणाला, "काल रात्री मला वाटलं, तुला आणून मी चूक केली." मग आम्ही बोललो. घरी कधी इतकं सलग बोलणं झालं नव्हतं, कारण घरी मध्येच कुणीतरी उठतं. इथे उठून जाणार कुठे?

बायकोला ही सगळी माहिती आधी द्या. उकाडा, अंधार, पाल, सगळं. मला आधी सांगितलं असतं तर पहिली रात्र इतकी जड गेली नसती. आणि झोपडी तिलाच निवडू द्या, खिडक्या बघून.