केड्स कोव्हमधलं जॉन ऑलिव्हरचं ओंडक्यांचं घर खिळ्यांशिवाय दोनशे वर्षं कसं टिकलं? बघायला गेल्यावर नेमकं काय बघावं?

तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकत्रच देतो, कारण त्या घरात बघण्यासारखं जे आहे त्यातूनच ते का टिकलं हे कळतं.

पार्श्वभूमी थोडक्यात. जॉन आणि लुरेना ऑलिव्हर १८१८ साली अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या या खोऱ्यात आले. तेव्हा जमीन चेरोकी या मूळ रहिवासी लोकांची होती. तिच्यावरचा त्यांचा हक्क संपवणारा करार १८१९ चा आहे. घर १८२० च्या दशकातलं मानतात. शंभराहून जास्त वर्षं ते ऑलिव्हरांच्याच घराण्यात राहिलं आणि ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्क आकाराला येत असताना पार्ककडे गेलं.

आता खिळ्यांबद्दल. भिंतीचा भार ओंडक्यांच्या वजनावर आणि कोपऱ्यातल्या खाचांवर तोललेला असतो. या डोंगराळ भागात सगळ्यात जास्त दिसते ती खाच म्हणजे ओंडक्याचं टोक वरून तिरकं आणि खालून सपाट कापलेलं. टोक रुंद आणि मान अरुंद राहते, त्यामुळे ओंडका बाहेर सरकू शकत नाही, आणि वरचं वजन जितकं जास्त तितका सांधा घट्ट बसतो. टोकं भिंतीच्या पातळीतच कापलेली असतात हेही महत्त्वाचं. कोपऱ्याबाहेर डोकावणारं टोक पाऊस पितं आणि तिथून कुजायला लागतं. दारं-खिडक्या लहान आणि मोजक्या का, याचं कारणही इथेच आहे. दारासाठी कापलेल्या ओंडक्याचा एका बाजूच्या कोपऱ्याशी संबंध तुटतो; मग चौकट त्याच्या टोकांना ठोकून त्याला धरून ठेवावं लागतं.

ओंडके जवळून बघा. दोन बाजू तासून सपाट केलेल्या आहेत. आधी ठरावीक अंतरावर आडवे घाव घालायचे आणि मग रुंद पात्याच्या कुऱ्हाडीने मधलं लाकूड काढायचं, अशी ती पद्धत. तिरप्या उन्हात आडव्या घावांच्या खुणा ठळक दिसतात, म्हणून सकाळी लवकर जावं.

पण खाच कितीही चांगली असली तरी ओल्या लाकडाला ती वाचवू शकत नाही. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या आत राहिली तर बुरशी वाढत नाही. ३० च्या आसपास गेली की कुजणं सुरू होतं. म्हणून मी अशा कुठल्याही घरात आधी जोतं बघतो. सगळ्यात खालचा ओंडका दगडांवर उचललेला हवा आणि खालून वारा खेळता हवा. पागोळ्यांचं पाणी जमिनीवर आपटून उडतं ते याच ओंडक्यावर. पालापाचोळा साचू दिला किंवा माती चढू दिली, की तो आतून पोकळ होतो आणि बाहेरून धडधाकट दिसत राहतो. डागडुजी करणारे टोच्या घेऊन जागोजागी दाबून बघतात; सहज आत गेला तर तो भाग गेला. (तुम्ही हे करू नका, ठोकल्यावर येणारा भद्द आवाजही पुरेसा बोलका असतो.) कुजका तुकडा काढून त्याच जातीचं लाकूड तिरक्या सांध्याने जोडतात. पूर्ण ओंडका बदलायचा झाला तर जॅक लावून भिंत एका वेळी काही मिलिमीटरच उचलायची. घाई केली की वरच्या खाचा फाटतात.

छपराच्या फळ्या करवतीने न कापता धाग्याच्या दिशेने फोडलेल्या असतात: लांब पातं लाकडाच्या टोकावर धरायचं, वरून मोगरी मारायची. धागे सलग राहतात, म्हणून पाणी मुरण्याऐवजी ओघळून जातं. तरीही दोन-तीन दशकांत त्या बदलाव्याच लागतात. म्हणजे दोनशे वर्षांचं छप्पर तिथे नाही, आणि ते वेळोवेळी बदललं म्हणूनच भिंती राहिल्या.

ओंडक्यांमधल्या फटींत लाकडाच्या चिपा आणि वरून चिखल भरलेला असतो. हा भाग झिजण्यासाठीच असतो, लाकूड फुगतं-आकसतं तसा तो तडकतो. सगळ्यात जास्त नुकसान इथे चांगल्या हेतूने होतं: कोणीतरी तडे बघून निव्वळ सिमेंट भरतं. सिमेंट लाकडाबरोबर हलत नाही, कडेला केसाएवढी फट पडते, पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट मिळत नाही. १ भाग चुना आणि ४ भाग वाळू घ्यावी. सिमेंट घालायचंच तर पाव भागाहून जास्त नको. लेप वरच्या ओंडक्याच्या कडेपेक्षा आत ठेवायचा आणि खाली बाहेरच्या बाजूला उतार द्यायचा, नाहीतर खालच्या ओंडक्यावर पाणी बसतं. कडक उन्हात हे काम करू नये, झपाट्याने वाळलं की लगेच सुटतं. ओंडक्यांना व्हार्निश किंवा सिलिकॉन लावण्याचा सल्लाही ऐकू नका. त्याने ओल आत कोंडते.

भिंतींवर पर्यटकांनी कोरलेली नावं दिसतील. ती बुजवता येत नाहीत. बुजवायला लाकूड तासावं लागेल आणि कुऱ्हाडीच्या मूळ खुणाच जातील. मुलं बरोबर असतील तर आत जाण्याआधीच त्यांना सांगा.

हे बघून तिथे सगळे असेच राहत होते असा समज करून घेऊ नका. पार्क झालं तेव्हा खोऱ्यात फळ्यांची, रंग दिलेली घरं बरीच होती. त्यातली बहुतेक पाडली आणि ओंडक्यांची जपली. मला ही निवड एकांगी वाटते. म्हणून केबल मिल या जुन्या पाणचक्कीजवळचं बेकी केबलचं फळ्यांचं घर चुकवू नका, दोन्हींची तुलना केल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही.

खोऱ्याला वळसा घालणारा रस्ता ११ मैलांचा, एकेरी. ऑलिव्हरचं घर सुरुवातीलाच लागतं, गाडी लावून थोडं चालावं लागतं. मे ते सप्टेंबर बुधवारी गाड्यांना बंदी असते. प्रवेश फुकट आहे, पण १५ मिनिटांहून जास्त गाडी उभी करायची तर पार्किंग टॅग घ्यावा लागतो. दोन ते चार तास हाताशी ठेवा.