सूर्याकडे पाठ करून पाहा

प्रश्न: ताई, नोकरीनिमित्त मी कॅनडात, सस्कॅचवान प्रांतातल्या रिजायनाजवळ राहतो. हिवाळ्यात संध्याकाळी प्रेअरीवर (इथल्या सपाट गवताळ मैदानी मुलुखात) सूर्यास्ताचे फोटो काढायला जातो, पण बर्फ मळकट राखाडी येतो, आकाश भगभगीत, आणि मध्ये एक आडवी रेघ. डोंगर नाही, झाड नाही. इतक्या सपाट जागी फोटो घ्यायचा तरी कशाचा? – एक वाचक

उत्तर: राखाडी बर्फाचं आधी उरकते. समोरचं दृश्य मध्यम करड्या छटेचं आहे असं धरूनच कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर चालतो, त्यामुळे चौकटीत बर्फच बर्फ असला की मीटर फोटो काळवंडून टाकतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मीटरच्या अंदाजापेक्षा उजळ किंवा गडद करण्याची सोय) +1 ते +2 ठेवा. सूर्य चौकटीत असेल तेव्हा मात्र हिस्टोग्राम (फोटोतल्या उजळ-गडद छटांचा आलेख) पाहूनच ठरवा आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, घ्या. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल ठरवणारी सेटिंग, डेलाइटवर असू द्या. बर्फावरच्या सावल्यांना उजेड मिळतो तो आकाशाचा, म्हणून त्या निळ्या असतात. ऑटो तो निळा फिका करतं, आणि त्या निळ्यासाठीच तर आपण एवढ्या थंडीत उभे राहतो!

आता सपाटपणा. मला ती उणीव वाटतच नाही. आड येणारं काही नसल्यामुळे तिथे शेवटचा किरणसुद्धा जमिनीला घासून जातो. गव्हाच्या कापणीनंतर उरलेली धसकटं बर्फातून डोकावत असतात, त्यांच्याजवळ गुडघे टेकून बसा. सूर्य क्षितिजापासून 3 अंशांवर आला की सावली उंचीच्या 19 पट लांब पडते. वीतभर काडीची सावली चार मीटरच्या आसपास जाते! काडीची एक कड केशरी, बुडाशी वाऱ्याने कोरलेली छोटी खळी, तिच्यात गर्द निळा. माझ्या लेखी प्रेअरीचा सूर्यास्त इथे आहे.

दिशा नीट बघा. तिथले ग्रिड रोड, म्हणजे चौकटी आखल्यासारखे ग्रामीण रस्ते, पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण आखलेले आहेत, शेतांची कुंपणंही बहुतेक त्याच रेषांत. डिसेंबरअखेरीस रिजायनाला सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, तोही पश्चिमेपासून जवळपास 38 अंश दक्षिणेकडे सरकून. रस्त्याच्या टोकाशी बुडणारा सूर्य हवा असेल तर मार्चमधल्या विषुवदिनापर्यंत थांबावं लागेल. डिसेंबरमध्ये कुंपणाच्या सावल्या तिरप्या पडतात आणि रिकाम्या चौकटीला बांधणी देतात. मला तरी हे जास्त आवडतं.

सूर्य बुडाला की लगेच गाडीकडे वळू नका. पाठ फिरवून ईशान्येकडे पाहा. क्षितिजालगत करडा-निळा पट्टा चढू लागतो, ती आपल्या पृथ्वीचीच सावली, आणि तिच्यावर गुलाबी पट्टा. डोंगराळ मुलुखात हे दृश्य बऱ्याचदा झाकलं जातं, तुम्हाला ते अख्खं मिळतं. दूरवर एखादं ग्रेन एलेव्हेटर (धान्य साठवण्याची उंच इमारत) असेल तर लांब लेन्सने त्याला त्या गुलाबी पट्ट्यावर घ्या. ट्रायपॉड लागेलच.

कडाक्याच्या थंडीत हवेत हिमस्फटिक असले तर सूर्याच्या दोन्ही बाजूंना, 22 अंशांवर, प्रतिसूर्य, म्हणजे सूर्यासारखे दोन तेजस्वी ठिपके (सनडॉग), दिसतात. फुलफ्रेम (मोठ्या, 35 मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 24 मिमी लेन्समध्ये दोन्ही आरामात मावतात.

थंडीचं हलक्यावर घेऊ नका. उणे 30 मध्ये वारा असला की उघडी बोटं काही मिनिटांत बधिर होतात, म्हणून पातळ हातमोज्यांवर जाड मोजे घाला. कुठे जाताय ते घरी सांगून निघा, रस्ता सोडून कुणाच्या शेतात शिरायचं तर आधी विचारा. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. घरात शिरण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि तो खोलीइतका उबदार होईपर्यंत उघडू नका, नाहीतर लेन्सवर, कधी आतही, दव धरतं. फोटो लगेच बघायचे असतील तर कार्ड बाहेरच काढून घ्या.